नाकात वारा नाही

दादाला गालाचा कॅन्सर झाला तेव्हा मी त्याला ध्यान शिकवायला गेले, आणि माझ्या शिकवण्यानं त्याचा त्रास वाढला. हे असं सरळ लिहायला मला फार वेळ लागला. माझ्या ध्यानाच्या वर्गाला येणारी मंडळी आजही म्हणतात, "ताई, तुम्ही होतात म्हणून दादांना केवढा आधार झाला असेल!" आणि मी त्यावर नुसती मान हलवत आले. ते मान हलवणं आता मला सोसत नाही.

ध्यान कॅन्सरच्या माणसाच्या उपयोगी पडतं यावर माझा आजही विश्वास आहे, आधीपेक्षा जास्तच आहे. पण ज्या घरात हा आजार येतो तिथं माझ्यासारखं कुणी ना कुणी असतंच. काही शिबिरं केलेलं, थोडंफार वाचलेलं, रुग्णावर मनापासून माया असलेलं आणि आपल्याकडे देण्यासारखं काहीतरी आहे म्हणून घाईला आलेलं. त्या माणसासाठी हे लिहिते आहे.

माझी सुरुवात इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रावर झाली. पहाटे चारची घंटा, दहा दिवसांचं मौन, पहिले तीन दिवस फक्त आनापान, म्हणजे नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास बघत राहणं. त्या दहा दिवसांनी माझं आयुष्य खरोखर बदललं. पुढे शिबिरं होत गेली, सकाळ-संध्याकाळची बैठक सुटली नाही. मग कधीतरी जॉन कबात-झिन यांची पद्धत वाचनात आली. अमेरिकेतल्या वूस्टर इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी १९७९मध्ये एक अभ्यासक्रम सुरू केला, तो डॉक्टरांनी करण्यासारखं सगळं करून झालेल्या, जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी. ते वाचून मी गावात छोटा वर्ग सुरू केला. विपश्यनेचं काही, कबात-झिनचं काही, थोडी योगनिद्रा. वर्गाला मधुमेहाचे लोक यायचे, संधिवाताचे यायचे, हळूहळू कॅन्सरचेही यायला लागले. त्यांना मी सांगायचे, "मन शांत झालं की शरीर आपोआप बरं व्हायला लागतं." कशावरून, असं कुणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

दादा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता. तरुणपणापासून तंबाखू-चुना. निवृत्तीनंतर वर्षभरात खालच्या डाव्या दाढेशेजारी गालाच्या आतून जखम झाली, ती काही भरेना. तोंड उघडणं कमी होत गेलं. भाकरीचा घास लहान करावा लागायला लागला तेव्हा वहिनींनी त्याला दातांच्या डॉक्टरकडे नेलं, तिथून बायोप्सी, तिथून मुंबई. तिथल्या रुग्णांच्या तोंडी 'कमांडो' असा शब्द असतो, ते मोठं ऑपरेशन त्याचं झालं. गालाचा आतला भाग, जबड्याच्या हाडाचा तुकडा आणि मानेतल्या गाठी काढल्या, छातीचा स्नायू वर वळवून गालाची जागा भरली. श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी बसवली, जेवणासाठी नाकातून पोटात दुसरी नळी घातली.

मी पोचले ती ऑपरेशननंतर थोड्याच दिवसांनी. दादा उशांना टेकून अर्धवट बसलेला, चेहरा सुजलेला, मानेतून निघालेल्या नळ्यांना लाल पाण्याचे डबे लावलेले. बोलता येत नव्हतं म्हणून पुतण्यानं त्याला लहान मुलांची असते तशी पुसून परत लिहायची पाटी आणून दिली होती. मी स्टूल ओढून बसले. काय करायचं ते मी गाडीतच ठरवून आले होते.

"दादा, डोळे मीट. सगळं लक्ष नाकाच्या दारापाशी आण. श्वास आत येतोय, बाहेर जातोय. फक्त बघत राहा."

त्यानं डोळे मिटले. थोड्या वेळानं उघडले, पाटी ओढली आणि लिहिलं, "नाकात वारा नाही."

मला कळायला काही क्षण गेले. त्याच्या नाकातून हवा जातच नव्हती. गळ्याच्या नळीतून श्वास घेणाऱ्याचं नाक, तोंड, स्वरयंत्र हे सगळं वाटेबाहेर पडतं, म्हणून त्याला वास येत नाही आणि आवाजही फुटत नाही. शिवाय त्याच्या एका नाकपुडीत जेवणाची नळी होती. मी त्याला अशा ठिकाणी लक्ष ठेवायला सांगत होते जिथं काही घडतच नव्हतं.

इथवरच्या अज्ञानाचं मला फार दुःख नाही. ते झालं असतं, सुधारलं असतं. मला लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची. मी म्हटलं, "मग कल्पना कर की येतोय." आणि त्यानं माझ्यासाठी पुन्हा डोळे मिटले.

पाच-सात मिनिटं झाली असतील. त्याच्या गळ्यातून घरघर सुरू झाली, मग खोकल्याची उबळ, डोळे पांढरे. नळीत कफ दाटला होता. सिस्टर धावत आल्या, सक्शनची बारीक नळी आत घातली, कफ ओढून काढला. त्या चार-सहा सेकंदांत दादानं पलंगाची कड जी पकडली होती, ती पकड मी अजून विसरले नाही. सिस्टरनी मला बाहेर थांबायला सांगितलं. बाहेर वहिनी होत्या. त्या म्हणाल्या, "दिवसातून कितीदा तरी होतं असं. रात्री झोपतच नाहीत, नळी बंद होईल म्हणून."

म्हणजे ज्या माणसाची सगळी भीती श्वासाभोवती गोळा झाली होती, त्याला मी श्वासाकडे बघत बस म्हणून सांगितलं होतं. माझ्या वर्गातल्या दम्याच्या बाईंना मी कधीच श्वासावर बसवत नसे. त्यांना तळपायांपासून सुरुवात करून द्यायचे, नाहीतर बाहेरचे आवाज ऐकायला सांगायचे. मला हे माहीत होतं. सख्ख्या भावापाशी आल्यावर मात्र मला माझं सगळ्यात मौल्यवान ते द्यायचं होतं, आणि माझ्या लेखी ते आनापान होतं. समोरचा माणूस कुठल्या अवस्थेत आहे हे बघण्याचंच नाव सजगता. ती मी शिकवत होते आणि माझ्यापाशीच नव्हती.

ऑपरेशननंतर रेडिएशन सुरू होईपर्यंत चार-पाच आठवडे तो घरी होता. गळ्याची नळी निघाली, भोक बुजलं, अस्पष्ट का होईना बोलायला लागला. मी बहुतेक रोज जायचे. त्या दिवसांत मी जे केलं ते वॉर्डातल्यापेक्षा वाईट होतं, आणि ते गोड आवाजात केलं. मी त्याला म्हटलं, "दादा, तू आयुष्यभर राग गिळलास. बाबांचा, डेपोतल्या साहेबांचा. गिळलेला राग कुठं ना कुठं गाठ होऊन बसतोच." तो ऐकून घ्यायचा. एकदा फक्त म्हणाला, "तंबाखूनं झालंय गं." मी म्हटलं, "तंबाखू तर आहेच, पण मुळाशी मन आहे."

तंबाखूचं ओझं त्याच्या डोक्यावर होतंच. नातेवाईक भेटायला येऊन ते ओझं आणखी दाबून जात होते. मी त्यावर दुसरं ठेवलं. आधी तोंडात तंबाखू धरून चुकलास, आता मन शांत न ठेवून चुकू नकोस, असा त्याचा अर्थ होत होता. मी तसं म्हटलं नव्हतं. त्याला मात्र तसंच ऐकू गेलं, आणि न जाण्याचं काही कारण नव्हतं.

यातलं खरंखोटं मी पुढे बऱ्याच उशिरा वाचलं. लढाऊ वृत्तीच्या रुग्णांना आयुष्य जास्त लाभतं, असं १९७९च्या एका ब्रिटिश अभ्यासात दिसलं होतं आणि ते जगभर पसरलं. पुढे १९९९मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या ५७८ स्त्रियांवर ते पुन्हा तपासलं, तेव्हा लढाऊ वृत्तीचा जगण्याशी संबंध सापडला नाही. खोल निराशेत असलेल्यांचं काहीसं वाईट होताना दिसलं, तेवढंच. आधारगटामुळे स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्ण जास्त जगल्या, हा डेव्हिड स्पीगल यांचा १९८९चा निष्कर्ष खूप गाजला. त्यांनी स्वतःच मोठ्या प्रयत्नानं तो अभ्यास पुन्हा केला आणि २००७मध्ये जाहीर केलं की आयुष्य वाढल्याचं यावेळी दिसलं नाही. तसं जाहीर करायला मोठं मन लागतं.

पण मला हलवून टाकलं ते जेम्स कॉइन यांच्या अभ्यासानं. तोही २००७चाच, आणि तो डोक्या-मानेच्या कॅन्सरवरचा आहे. दादाचा कॅन्सर त्याच गटातला. १,०९३ रुग्ण, त्यांतले ६४६ तोवर वारलेले. उपचार सुरू होताना कोण मनानं किती बरा होता आणि पुढे कोण किती जगला, याची सांगड घालून पाहिली. संबंध निघाला नाही. मी ते पान रात्री वाचत होते आणि मला दादाचं ते एकच वाक्य आठवत होतं, "तंबाखूनं झालंय गं." मेकॅनिकला बिघाड कुठं आहे ते माहीत होतं.

आता रेडिएशनचं. आमच्याकडे लोक त्याला 'शेक' म्हणतात. आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे, त्याबरोबर आठवड्यातून एकदा केमोचं सलाईन. राहायला धर्मशाळा. चेहऱ्याच्या आकाराचा प्लास्टिकचा जाळीदार मास्क गरम पाण्यातून काढून तोंडावर बसवतात, तो थंड होऊन कडक होतो, मग रोज तोच मास्क चढवून डोकं टेबलाला पक्कं करतात. किरण अगदी त्याच जागी पडायला हवेत म्हणून. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आतून सोलवटलं. लाळ दोऱ्यासारखी चिकट झाली, चव गेली, पाण्याचा घोटसुद्धा भाजत जायचा. आमच्या ध्यानात एक बेदाणा हातात घेऊन तो बघणं, हुंगणं, सावकाश चावणं असा पाठ असतो. माझ्या पिशवीत त्यासाठी तासगावचे बेदाणे होते. ते मी बाहेर काढले नाहीत, एवढी अक्कल तोवर आली होती.

दर आठवड्याला डॉक्टर विचारायचे, "काका, दुखणं शून्य ते दहामध्ये किती?" दादा तीन बोटं दाखवायचा. वहिनी काही बोलायला जायच्या, तो डोळ्यांनी त्यांना थांबवायचा. डॉक्टरांना तोंडात बघून पटत नसावं. त्यांनी एकदा आपणहून मॉर्फिनच्या गोळ्यांचं नाव काढलं. दादानं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "गुंगी येते त्यानं, दादा. आणि सवय लागते. जमेल तेवढं साक्षीभावानं बघ. वेदना येते तशी जाते."

हे कुठून आलं माझ्याकडे? विपश्यना शिकवणाऱ्या गोयंका गुरुजींच्या एका गोष्टीतून. विपश्यनेची शिबिरं केलेल्या बहुतेकांनी ती ऐकलेली असते. ब्रह्मदेशात व्यापारी असताना त्यांना भयंकर अर्धशिशी होती. मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागायची, डॉक्टरांना व्यसनाची धास्ती वाटायला लागली, देशोदेशी उपचार केले, गुण आला नाही आणि शेवटी १९५५मध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ते विपश्यना शिकले. माझ्या मनात या गोष्टीचं एवढंच उरलं होतं की मॉर्फिन सुटलं आणि ध्यान जिंकलं.

गोष्टीचा दुसरा भाग मी कितीदा तरी ऐकला होता आणि टाकून दिला होता. अर्धशिशी घालवायला आलोय, असं गोयंकांनी सांगितलं तेव्हा ऊ बा खिन यांनी त्यांना आधी नकारच दिला होता. दुखणं बरं करणं हा या साधनेचा हेतू नव्हे, त्यासाठी येणार असाल तर तिची किंमत कमी कराल, अशा अर्थाचं ते बोलले होते. शिबिराच्या नियमावलीतही शरीराची व्याधी बरी करणं हा उद्देश नसल्याचं लिहिलेलं आहे. मी त्या कागदावर सही केलेली आहे, दर शिबिराला. गुरूनं ज्या कारणासाठी शिष्याला परत पाठवलं, तेच कारण पुढे करून मी भावाची गोळी अडवली.

दादानं मॉर्फिन घेतलं नाही. साध्या गोळ्यांवर राहिला. गिळताना दुखतं म्हणून पेज अर्धी व्हायला लागली, मग पाव. शर्ट खांद्यावरून लोंबायला लागला. एके दिवशी मास्क चढवताना तंत्रज्ञाच्या लक्षात आलं की तो गालापाशी सैल बसतोय, आत मान हलतेय. वजन इतकं उतरलं होतं की चेहऱ्याचा आकारच बदलला होता. शेक थांबवला. नवा मास्क, नवा स्कॅन, नवं गणित. मधे दिवस गेले. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये असा खंड पडू द्यायचा नसतो, कारण तेवढ्या वेळात उरलेल्या पेशींना वाढायला सवड मिळते. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी फक्त वहिनींना विचारलं, "इतकं दुखत होतं तर सांगितलं का नाही?"

वहिनी तिथं गप्प राहिल्या. बाहेर पॅसेजमध्ये आल्यावर माझ्याकडे वळल्या. लग्न होऊन आल्यापासून त्या मला कधी दुखेल असं बोललेल्या नाहीत.

"वन्सं, तुमचं ध्यान तुम्ही करा. त्यांना गोळी घेऊ द्या. ते तुम्हाला घाबरतात."

"मला?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. तुम्ही आलात की शांत बसतात, तुम्ही गेलात की उशी मुठीत धरून रडतात. रात्रभर."

मी त्याच्या चेहऱ्यावरची शांती बघून धर्मशाळेतल्या माझ्या खोलीत परतायचे आणि मला वाटायचं, जमायला लागलंय याला. ती शांती तो माझ्यासाठी तयार करत होता. तोंड सोललेला माणूस, आणि रोज संध्याकाळी बहिणीची परीक्षा.

आणखी एक आहे, ते वहिनींनी सांगितलं नाही, पण मलाच माहीत आहे. धर्मशाळेत मी पहाटे उठून तासभर ध्यानाला बसायचे आणि शेवटी दादाला मैत्री पाठवायचे, म्हणजे त्याचं भलं होवो अशी भावना मनात धरायचे. त्याच तासात वहिनी स्टोव्हवर नाचणीची पेज करून गाळत असायच्या, तोंड धुवायचं मीठ-सोड्याचं पाणी करत असायच्या, त्याचे लाळेचे रुमाल धुवत असायच्या. त्या रुमालांना वास यायचा. मला तो सहन होत नव्हता, आणि मी डोळे मिटून बसत होते यामागे तेही एक कारण होतं. उठून रुमाल धुतले असते तर ती मैत्री झाली असती.

वेदना आणि पॅलिएटिव्हच्या विभागात आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. मला वाटायचं, तो विभाग शेवटाला लागलेल्यांचा. तिथं दादासारखे उपचार अर्ध्यावर असलेले कितीतरी होते. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर घड्याळ काढून दाखवलं. मॉर्फिन दुखल्यावर घ्यायचं नाही, वेळ झाली की घ्यायचं. थोड्यापासून सुरुवात, गरज बघून वाढवायचं. पोट साफ राहायचं औषध सोबत हवंच. तोंडातल्या जखमा भरल्या की हळूहळू कमी करत बंद. कॅन्सरच्या वेदनेसाठी पायऱ्यापायऱ्यांनी औषध द्यायची ही रीत जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६पासून सांगितलेली आहे, म्हणजे मी पहिलं शिबिर केलं त्याच्याही आधीपासून. सवय लागेल का, हे मीच विचारलं. ते म्हणाले, "लक्ष ठेवायला आम्ही आहोत. आत्ता दुखणं यांचं सगळं डोकं व्यापून बसलंय. ते थोडं मागे सरलं तर यांना दुसरं काही दिसेल."

दोन दिवसांनी दादा दुपारी झोपला, गाढ. नाकात पुन्हा नळी घातली होती, त्यामुळे पोटात अन्नही जात होतं. गुंगी सुरुवातीला आली, मग ओसरली. वेदनेकडे बघायचं तर माणूस आणि वेदना यांच्यात थोडी जागा लागते. त्याच्या बाबतीत ती जागा गोळीनं केली.

आणि मग जे झालं त्यात माझा हात नव्हता. नव्या मास्कची त्याला धास्ती बसली होती. डोकं जखडलं की कफ दाटेल, श्वास कोंडेल आणि आपल्याला ओरडताही येणार नाही, हे ते गळ्याच्या नळीचंच भय. रेडिएशन विभागात समुपदेशन करणारी एक मुलगी होती, माझ्या वर्गातल्या मुलींच्या वयाची. तिनं आधी त्याला दाखवलं की हात वर केला की आतल्या कॅमेऱ्यात दिसतं आणि मशीन थांबवतात. एकदा मुद्दाम करूनही पाहिलं. मग विचारलं, "काका, तुम्ही काम काय करायचात?" दादा म्हणाला, इंजिनं. ती म्हणाली, "मग आत पडल्यापडल्या या मशीनचं इंजिन ऐका. मला येऊन सांगा काय काय वाजतं."

तो ऐकायला लागला. आयुष्यभर बोनेटवर कान ठेवून कुठला व्हॉल्व्ह वाजतोय ते सांगणारा माणूस. संध्याकाळी वहीत लिहून दाखवायचा. आधी टेबल सरकतं त्याचा आवाज. मग मोठा हात डोक्याभोवती फिरतो, त्याची घरघर. मग बारीक पट्ट्या सरकल्यासारखी टकटक. मग किरण सुरू झाले की एकसारखा गुणगुणाट, तो थांबला की एक बाजू झाली. आज अमुक ठिकाणी आवाज लांबला, आज टेबल अडखळलं. मास्कमध्ये तो पूर्ण वेळ जागा असायचा, आवाजाबरोबर असायचा, आणि वेळ संपायची. सजगता म्हणून मी वर्षानुवर्षं जे शिकवत होते ते त्याला डेपोत, ग्रीसच्या वासात, आधीच येत होतं. त्या मुलीनं ते विचारून घेतलं. मी त्याची धाकटी बहीण, मला विचारावंसं वाटलं नव्हतं.

शेक संपल्यावर तोंड उघडण्याचे व्यायाम असतात. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये सरकवायच्या, काही दिवसांनी एक काडी वाढवायची. ते दुखतं. दादा आरशासमोर बसतो, काडी सरकवतो, ताण कुठवर आहे ते बघतो. ताण आणि दुखणं यांच्यात कुठं फरक पडतो ते त्याला नेमकं कळतं, तिथं थांबतो, थोडा वेळ ठेवतो, सोडतो. साक्षीभावाबद्दल मी जेवढं बोलले आहे त्यापेक्षा ते बघून मला जास्त कळलं. तो याला ध्यान म्हणत नाही आणि मीही म्हणायला लावत नाही.

मग ध्यानानं कॅन्सरच्या माणसाला मिळतं तरी काय, हे मी नव्यानं वाचून काढलं. कॅनडातल्या कॅल्गरीत लिंडा कार्लसन आणि त्यांचे सहकारी फक्त कॅन्सरच्या रुग्णांसाठी सजगतेचे वर्ग घेत आले आहेत. २०००मध्ये त्यांनी ९० रुग्णांचा अभ्यास मांडला, त्यात वर्गाला आलेल्यांची अस्वस्थता आणि ताण न आलेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी झाले होते. पुढे असे बरेच अभ्यास झाले. २०२३मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेनं आणि एकात्मिक कॅन्सर उपचारांच्या संघटनेनं मिळून शिफारस केली की चिंता आणि उदासी यांसाठी रुग्णांना सजगतेचे उपक्रम द्यावेत. चिंता आणि उदासी. गाठ विरघळण्याबद्दल तिथं अक्षर नाही. तपासणीचा रिपोर्ट यायच्या आदल्या रात्री ज्याला झोप लागत नाही त्याला विचारा, चिंता कमी होणं ही केवढी गोष्ट आहे. मला ती इतकी वर्षं लहान वाटत होती, म्हणून मी तिच्यापुढे 'शरीर बरं होतं' हे जोडत होते.

आता वर्गात कॅन्सरचं कुणी आलं की मी आधी विचारते, दुखतंय का, कुठं, गोळी घेतली का, डॉक्टरांना सांगितलं का. ताप असेल तर बसू देत नाही. केमो चालू असताना १०० अंशांच्या वर ताप जाणं म्हणजे रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं, तिथं ध्यानातली समता दाखवायची नाही. श्वासानं सुरुवात करायची की तळपायांनी की आवाजानं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. डोळे उघडे ठेवायचे असतील तर उघडे. आणि सोबत आलेल्या माणसालाही मी विचारते, तुम्ही झोपलात का.

दादाची तपासणी दर काही महिन्यांनी असते. आजवरच्या चांगल्या आहेत. मधल्या त्या खंडाचं पुढे काय होईल हे कुणी सांगू शकत नाही, आणि दर तपासणीच्या आधी मला तो खंड आठवतो. त्याच्यापाशी मी हे सगळं कबूल केलं. तो पाण्याची बाटली हातात धरून बसला होता, तोंड सारखं कोरडं पडतं त्याचं. म्हणाला, "मला कळत होतं की गं. पण तू एवढ्या लांबून यायचीस." वहिनी आतून म्हणाल्या, "मलाही कळत होतं." त्यांनी मला माफ केलं आहे का, हे मी विचारलेलं नाही. हल्ली मी गेले की त्यांच्या हातातलं काम घेते आणि त्या देतात.

राहिले ते जुने लोक. दादाच्या आधी माझ्या वर्गाला आलेले कॅन्सरचे रुग्ण, ज्यांना मी मन शांत झालं की शरीर बरं होतं असं सांगितलं होतं. हजेरीच्या वह्या काढून मी एकेकाला फोन लावले. काहींचे नंबर बदललेले. काही जण बरे होते आणि त्यांना माझं म्हणणं आठवतही नव्हतं. एक बाई होत्या, पोटाच्या कॅन्सरच्या, नेहमी मागच्या रांगेत बसायच्या. एकदा वर्ग संपल्यावर त्यांनी मला विचारलं होतं, "ताई, मला शांत वाटतच नाही, म्हणून वाढतंय का हो?" मी तेव्हा काय उत्तर दिलं होतं ते मला पक्कं आठवतं. मी म्हटलं होतं, "प्रयत्न सोडू नका." फोन त्यांच्या यजमानांनी उचलला. बाई मागच्या वर्षीच गेल्या. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाले, "हो हो, तुमच्याकडे यायची ती. शेवटपर्यंत बसायची रोज. नाही जमलं तर रडायची." मला फोनवर पुढचं बोलता आलं नाही. भेटायला येते म्हटलं. पुढच्या रविवारी जाणार आहे, आणि त्यांच्या बायकोची त्यात काही चूक नव्हती, हे त्यांना समोर बसून सांगणार आहे.